वरचा सा आणि मालुबाईचं थोबाड

२ डिसेंबर, सोमवार

ही वही माझी. नागुबाई, वडगाव, चौथी पास. चौथीची परीक्षा दिली न्हाय, तरी पास. मास्तर मला भ्यायचा. वही जोंधळ्याच्या डब्यात ठेवणार. कुणी उघडली तर बोटं मोडीन, मग ती घरातली असोत न्हायतर पाहुण्याची.

आज देवळात भजनी मंडळाची मीटिंग झाली. निपाणीची स्पर्धा ९ फेब्रुवारीला. आमच्या भजनात शेवटच्या गजराला ‘आईऽ’ अशी हाक वरच्या सा वर न्यायची आणि तिथंच धरून ठेवायची, टाळाचे सोळा ठोके. बाकीच्या बायका खाली गजर करतात, वर एकटी मी. बावीस वर्षं पुढं मीच बसते. गेल्या वर्षी निपाणीत सातव्या ठोक्याला आवाज फाटला म्हणतात. आवाज न्हाय, माईक फाटला. मी तेव्हाच माईकवाल्याला चप्पल दाखवली होती.

मालुबाई म्हणाली, आक्का, पट्टी उतरवूया, पेटीची काळी पाच सोडा आणि खाली काळी दोनवर या, वयाला शोभंल. मी म्हटलं, पट्टी उतरवणं आणि पदर उतरवणं एकच, तुला हौस असंल तर तू उतरव. मग म्हणती कशी, तर पुढं दुसरी कोणतरी बसू दे. मी तिच्या थोबाडाकडं नुसतं बघितलं. हात उचलला न्हाय. देऊळ होतं.

ठरलं ते असं. २६ जानेवारीला सगळ्यांसमोर म्हणून दाखवायचं. सोळा धरले तर मी पुढं. न्हायतर मागच्या रांगेत टाळ घेऊन.

मागच्या रांगेत बसले की मग मी कोण? मागाला सुताच्या कांड्या भरणारी म्हातारी. वडगावात घरटी एक हाय. त्यापेक्षा मालुबाईचा मुडदा पाडून जेलात बसलेलं बरं.

निश्चय केला. रोज तासभर रियाज. तिखट बंद. शिव्या बंद.

४ डिसेंबर, बुधवार

मागाच्या खोलीत उभी राहून रियाज केला. सिद्रामचे चारी पॉवरलूम चालू होते. खटाक खटाक खटाक. ताल आयता मिळतोय. तोंड उघडलं, आई म्हटलं, बोटांवर ठोके मोजले. सोळा! सतरावा पण अर्धा झाला. पहिल्याच दिवशी. मग अडचण कुठं हाय? मालुबाईच्या डोक्यात.

सिद्राम आला आणि त्यानं माग बंद केले. नुसतं तोंड हलवत होता. हल्ली सगळी माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. तीनदा काय रं, काय रं केलं तेव्हा ओरडला, आई, तुझा आवाज नासक्या सुतावाणी तुटतोय, शेजारी बघायला आलेत कुणाला काय झालं म्हणून!

ह्याचा बाप पण असाच होता. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मी हातमागावर बसून गात होते तर मागनं येऊन पाठीत लाथ घातली. घरात बायकांनी गायचं न्हाय म्हणे. माझ्या हातात धोटा होता. फेकला. शिसवी लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड. कपाळाला खोक पडली, रक्त धोतरापर्यंत. त्यानंतर तो मरेपर्यंत घरात माझं गाणं चालू होतं आणि त्यानं एकदाही विषय काढला न्हाय.

संगीत असं शिकावं लागतंय. क्लास लावून येत न्हाय.

९ डिसेंबर, सोमवार

क्लास लावला. माधवीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, डोकं खाल्लं म्हणून.

शहापूरला मंजुश्री म्हणून एक पोर शिकवती. कानडी. धारवाडला शिकून आलीय. मला बघितल्या बघितल्या अज्जी म्हणाली. मी म्हटलं, अज्जी तुझी घरात. ती हसली. दात चांगले हायत, अजून शाबूत हायत.

तिनं मला आई म्हणायला लावलं. मी म्हटलं. तिनं हातानं कान झाकले, म्हणजे आवाज पोचला. मग सांगत बसली. अज्जी, खांदे वर जातायत, खाली ठेवा. श्वास छातीत न्हाय, पोटात घ्या. हनुवटी वर उचलू नका, नस ताणती. जबडा सैल सोडा. वरचा स्वर ढकलायचा न्हाय, गळा आवळायचा न्हाय. दर वाक्याला निधान, अज्जी, निधान. कानडीत निधान म्हणजे सावकाश. अडुसष्ट वर्षांत मला कुणी सावकाश म्हटलं न्हाय, आणि म्हटलं असतं तर मार खाल्ला असता.

गळा आवळायचा न्हाय हे कबूल केलं. माझा न्हाय आवळणार.

माधवीला पिशवी धरायला नेलतं. कोपऱ्यात बसून होती. मंजुश्रीनं तिला पण दोन सूर म्हणायला लावले, नुसतीच बसलीय म्हणून. फीमध्ये न्हाय धरणार म्हणाली, म्हणून मी गप्प बसले.

१० डिसेंबर, मंगळवार

मंजुश्रीनं सांगितलंय की उताणं झोपायचं, पोटावर पुस्तक ठेवायचं, श्वास घेताना पुस्तक वर आलं पायजे. आमच्या घरात पुस्तक कुठलं? पाट्यावरचा वरवंटा ठेवला. वर येत होता, खाली जात होता. बरं चाललं होतं.

तेवढ्यात माधवी आली. म्हातारी आडवी, डोळे मिटलेले, पोटावर वरवंटा. तिला वाटलं कुणीतरी घातला. अशी किंचाळली, अशी किंचाळली, की वरच्या सा च्या पण वर गेली आणि तिथंच राहिली. वाया. मी दचकून उठले, वरवंटा घसरून पायाच्या अंगठ्यावर आला. उचलला आणि फेकला. तिला मारायचा न्हवता. तिच्या शेजारच्या माठाला पण न्हवता मारायचा, पण कुणाला तरी लागणारच की.

अंगठा काळानिळा. माठ गेला. श्वास आता पोटात जातोय.

१६ डिसेंबर, सोमवार

आज क्लासात ओठांची फुर्र शिकवली. घोडा करतो तशी. ओठ सैल सोडून फुर्र करत खालनं वर सूर न्यायचा, म्हणजे गळ्यावर जोर येत न्हाय. मी जोर लावला. वरची कवळी उडाली आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आपटली. भोपळ्याला टवका गेला. मंजुश्री रडकुंडीला आली. मी म्हटलं, तुझा भोपळा कच्चा हाय, माझी कवळी बघ, काय झालं न्हाय तिला.

माधवी हसली. घरी आल्यावर तिला लाटणं फेकून मारलं. चुकवलं तिनं. हल्ली चपळ झालीय.

मग मंजुश्रीनं घरी करायला दिलेला नळीचा धडा. ग्लासात पाणी, त्यात नळी, नळीतनं सूर काढायचा, बुडबुडे एकसारखे आले पायजेत. माधवीचे एकसारखे येत होते, साबुदाण्यावाणी. माझे जोरदार. पाणी छताला लागलं. ज्याच्यात दम हाय त्याचंच पाणी उडणार.

२१ डिसेंबर, शनिवार

मंजुश्री लबाड हाय.

आज म्हटलं सोळा धरते, मोज. तिनं टाळी देत मोजायला सुरुवात केली. ओंदु, एरडु, मूरु... एळु म्हणजे सातला माझा श्वास संपला. मी म्हटलं, घरी सोळा हुतायत, सतरा हुतायत. तिनं विचारलं, घरी कशावर मोजता? म्हटलं, मागावर. माग कधी खोटं बोलत न्हाय. तर ती पोर डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, अज्जी, माग मिनिटाला सव्वाशे ठोके मारतोय, टाळ पन्नास मारतोय. तुमचे सोळा म्हणजे माझे साडेसहा.

मी म्हटलं, म्हणजे तुझा टाळ आळशी. सरकारी हाय काय? तिनं परत निधान म्हटलं. मी तिच्या हातावर एक फटका दिला. लई न्हाय. चुडा फुटला तेवढाच.

घरी आल्यावर मागावर मोजले. सोळा झाले. मग मी का ऐकू?

२८ डिसेंबर, शनिवार

मालुबाईचा कोंबडा. तांबडा, तुरा वाकडा. आमच्या परड्यातल्या भिंतीवर चढून ओरडतोय. आज नीट बघितलं. मान लांब करतोय, हनुवटी वर, डोळे मिटतोय आणि ढकलतोय. मंजुश्री म्हणती ते सगळं उलटं करतोय, तरी मोजले तर मागाचे अकरा. ते पण कोंबडा असून. आणि परत दुसरी हाक द्यायला तयार.

मी तसंच केलं. मान लांब, हनुवटी वर. मानेत उसण भरली. दिवसभर मान एका बाजूला. सिद्राम म्हणाला, आई, कोंबडीवाणी का बघतीयस? हातातली कांडी फेकून मारली.

कोंबडा मुद्दाम ओरडतोय. मालुबाईनं शिकवलाय.

१ जानेवारी, बुधवार

नवीन वर्ष. निश्चय. तिखट खरोखर बंद. शिव्या खरोखर बंद. हात उचलायचा न्हाय. रोज खर्जाचा रियाज, म्हणजे एकदम खालचा सूर. मंजुश्री म्हणती खालचा पक्का झाला की वरचा आपोआप सुटतोय. माझा खालचा ऐकून तिनं डोळे मिटले. म्हणाली, अज्जी, हा सूर सोनं हाय, तुम्ही खालची बाजू धरा, वरचा दुसऱ्या कुणाला द्या. ही पण मालुबाईला सामील दिसतीय.

२ जानेवारी, गुरुवार

ठेचा खाल्ला. मालुबाईचं नाव निघालं, शिवी गेली. माधवी भाकऱ्या थापताना गुणगुणत होती, सकाळी सकाळी सा धरून बसली होती, म्हणून पाठीत रट्टा दिला. तोंड मिटून भाकरी थापता येत न्हाय का म्हटलं. म्हणजे तीन निश्चय एका दिवसात गेले. खर्ज मात्र करणार. उद्यापासून.

५ जानेवारी, रविवार

कोंबडा आता न्हाय.

माझी चूक न्हाय. मी ‘आई’ धरली होती, बारा झाले होते, तेरावा चालू होता. त्यानं मधेच बांग दिली. माझा सूर तुटला. हातात विळा होता. बाकी मला आठवत न्हाय. सिद्रामला रस्सा आवडला.

७ जानेवारी, मंगळवार

मालुबाई देवळात पिसं घेऊन आली. तुरा पण. आमच्या परड्यात मिळाला म्हणे. सगळ्या बायकांसमोर म्हणाली, नागुबाई, तुझ्या घशात माझा कोंबडा गेला, आता तरी सूर लागंल. सगळ्या हसल्या. मी पण हसले असते. पण मग ती म्हणाली, तू बहिरी झालीयस, तुझं तुलाच ऐकू येत न्हाय, आणि तुझ्यापायी आम्ही दरसाल निपाणीत मान खाली घालून येतोय.

टाळ हातात होते. एक निसटला. त्याची दोरी माझ्या बोटात होती म्हणून तो जरा जोरात निसटला. मालुबाईच्या कपाळाला लागला. तिनं माझा अंबाडा धरला. मी तिचा कान धरला. पेटीवाले मारुतीराव मधे आले, त्यांना दोघींचं पण मिळालं. पेटीचा भाता फाटला. देवीसमोरची समई पडली. कुणाची तरी निरी जळाली.

मालुबाईला दोन टाके. माझे केस गेले मूठभर. ते तसे पण जाणारच होते.

डॉक्टरला तिनं काय सांगितलं माहीत न्हाय. मी सिद्रामला सांगितलं की पंखा पडला.

१३ जानेवारी, सोमवार

सिद्रामनं फसवलं. खडेबाजारात लुगडं घ्यायला जाऊया म्हणाला आणि कानाच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोप्या घातल्या. आवाज ऐकू आला की बटन दाबा म्हणाला. मला सारखाच आवाज येत होता, सारखंच बटन दाबलं. तो बाहेरनं हात हलवून न्हाय न्हाय करत होता. मग त्यानं सिद्रामला सांगितलं, ह्यांना जो ऐकू येतोय तो आवाज बाहेर न्हायच, कानातल्या कानात हाय. डावा कान गेला, उजवा अर्धा राहिला. पन्नास वर्षं मागाच्या खोलीत काढल्यावर असंच हुतंय.

ह्यात नवीन काय सांगितलं? माझ्या कानात माग चालतोच. लाईट गेली तरी चालतोय. रविवारी पण चालतोय. ताल फुकट मिळतोय, त्याला रोग म्हणायचं? मशीन लावा म्हणाला. ते लावून स्टेजवर बसले की लोक काय म्हणतील? नागुबाई बहिरी झाली म्हणतील.

न विचारता कानात नळी घातली म्हणून एक ठेवून दिली. त्याचा चष्मा वाकला. लुगडं न्हाय मिळालं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मंडळाच्या बायकांनी जबरदस्तीनं मला आणि मालुबाईला समोरासमोर उभं केलं. तिळगूळ दिला. तिनं गोड बोला म्हटलं. मी तू पण म्हटलं. तिच्या कपाळाला अजून पट्टी हाय. लाडू मी मुद्दाम कडक केला होता.

१८ जानेवारी, शनिवार

चमत्कार! आज मंडळाच्या प्रॅक्टिसला वरचा सा असा लागला, लोण्यात सुरी जावी तसा. जोर न्हाय, ताण न्हाय, मान सरळ. खालच्या बायका मात्र एकमेकींकडं बघत होत्या. जळतायत. मंजुश्रीच्या नळीचा गुण न्हाय, वरवंट्याचा पण न्हाय. दम माझाच. उगाच क्लासाला पैसे घातले.

उद्या क्लास बंद. माधवी म्हणाली, आत्ती, मी एकटी जाऊ? म्हटलं, जा, ती पिशवी राहिलीय तिकडं, घेऊन ये.

२२ जानेवारी, बुधवार

माधवी पिशवी आणायला तिसऱ्यांदा गेली. मंजुश्री घरी नसती म्हणे.

आज पण सूर लोण्यासारखा. पण पेटीकडं नजर गेली. मारुतीरावांचं बोट काळी पाचवर न्हाय. काळी दोनवर. मी गात राहिले आणि तशीच उठून त्यांच्यामागं गेले. हाक चालू होती. हाक चालू असतानाच त्यांचं कानशील रंगवलं. मारुतीराव वयानं मोठे, त्र्याहत्तर. पण पेटीवाल्यानं पट्टी चोरली तर त्याला वय न्हाय.

म्हणाले, आक्का, तुमच्या भल्यासाठी केलं, तुम्हाला आनंद झाला होता. म्हटलं, माझा आनंद तुम्ही मोजू नका, तुम्ही काळी पाच दाबा.

काळी पाचवर घेतला. सहाव्याला फुटला. पेटी बेसूर झालीय, भाता फाटल्यापासनं.

२५ जानेवारी, शनिवार

उद्या दाखवायचं. आज बोलले न्हाय कुणाशी, आवाज राखायला. खुणेनंच मागितलं सगळं. सिद्रामला खूण कळली न्हाय, ताट फेकलं. ते बोलल्यात धरत न्हायत.

२६ जानेवारी, रविवार

जिंकले.

देवळात सगळ्या गोल बसल्या. मारुतीराव मोजायला. मी त्यांच्या समोर उभी राहिले, टाळ हातात, नजर त्यांच्या नजरेत. आई म्हटलं. मारुतीरावांनी मोजले. जरा भरभर मोजले. एकदोनतीनचार असे. पण सोळा म्हणाले म्हणजे सोळा. मग मी विचारलं, कुणाचं काय म्हणणं हाय? टाळाची दोरी बोटाला गुंडाळत होते मी, सवयीनं. कुणाचं काय म्हणणं न्हवतं.

मालुबाई कपाळाला हात लावून म्हणाली, आक्काच पुढं. तिला माझी कदर हाय, फक्त जिभेवर येत न्हाय.

नंतर त्या सगळ्या आणि माधवी देवळाच्या मागं बराच वेळ उभ्या होत्या. माझं कौतुक करत असतील.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल निपाणी. पहाटेच वही काढली. आनंदानं.

टेम्पोतनं गेलो. सीटवरनं मालुबाईशी एकदाच झालं, कोपर लागलं तिला. स्टेज मोठं. माईक दोन, एक माझ्यापुढं, एक मागच्या बायकांना. मालुबाई म्हणाली, आक्का, तुमच्या बरोबर मागं सून शोभंल, सासूची सावली. मला पटलं. माधवीला माझ्या अंबाड्यामागं बसवली. तिचं पाणी झालं होतं भ्यानं. मी तिला चिमटा काढला आणि म्हटलं, तू नुसती बस, वाजवायचं पण न्हाय.

भजन झालं. गजर आला. मी आई उचलली. वर नेली. समोर हजार माणूस. पहिला ठोका, दुसरा, पाचवा. सातव्याला श्वास संपला. डोळ्यापुढं काजवे. तोंड मिटलं. खोकले पण जरा, पदरात. वाटलं, संपलं. मागची रांग. कांड्या.

पण समोरची माणसं हलली न्हायत. माना वर तशाच. एक बाई डोळे पुसत होती. टाळ वाजत होते, आठ, नऊ, दहा. बारा. मग मला उमगलं. आवाज थांबलेलाच न्हाय! मी सोडला तरी तो वरच उभा हाय. मी श्वास घेतला तरी उभा. मी दोन्ही हात जोडले. देवीनं धरला होता माझा सूर. सोळा झाले, मग टाळ्या अशा की माझ्या डाव्या कानाला पण ऐकू आल्या.

पहिला नंबर. ढाल. पंचवीस मंडळांत पहिला. मी स्टेजवरनं मालुबाईला बघितलं. ती हसत होती. इतकी हरली की हसू आलं तिला.

मंजुश्री पण आली होती ऐकायला. पाया पडली माझ्या. मग माधवीला मिठी मारली. उलटं करायला पायजे होतं, पण कानडी लोकांचं वेगळं असतंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय. सिद्रामच्या मोबाईलवर सातदा बघितला, आवाज फुल करून उजव्या कानाला लावून. ऐकायला येतोय, बारीक. लांबचलांब. काय सूर हाय. पण मोबाईल खराब. त्यात मी तोंड मिटतीय, खोकतीय, आणि आवाज चालूच. चित्र आणि आवाजाचा मेळ न्हाय. सिद्रामला म्हटलं, दुरुस्त करून आण. तो कायतरी तोंडातल्या तोंडात बोलला आणि मागाच्या खोलीत पळाला.

माधवी दोन दिवस नजरेला नजर देत न्हाय. भाकऱ्या जळतायत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मालुबाई घरी आली. पहिल्यांदाच आली, कोंबडा गेल्यापासनं. हातात जाड कागद. निपाणीवाल्यांनी सर्टिफिकेट पाठवलंय म्हणाली, उत्कृष्ट आवाजाचं. मी हात पुढं केला. तिनं दिला न्हाय लगेच. म्हणाली, आक्का, आधी बसा.

मी उभ्यानंच वाचलं. नाव वाचायला चौथी पुरती. सौ. माधवी सिद्राम.

मी म्हटलं, चुकलंय. मालुबाई म्हणाली, चुकलं न्हाय. मागचा माईक मोठा केला होता, तुमचा बारीक. मारुतीरावांनी केलं, मी सांगितलं म्हणून. तुमची सून रडत होती, नको नको म्हणत होती, मीच तिला धमकी दिली. मारायचं तर मला मारा, आक्का. आणि कपाळ पुढं केलं. टाक्याची खूण वाळलीय.

हात उचलला. मग तसाच राहिला. काय करायचं त्याचं कळंना. शेवटी त्याच हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

सिद्रामचा मोबाईल घेतला, परत बघितलं. ह्या वेळेला माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाय. अंबाड्याच्या मागं बघितलं. जबडा दिसतोय. सैल, हनुवटी खाली, खांदे खाली. जसा पायजे तसा.

स्वयंपाकघरात गेले. माधवीनं मला बघितलं आणि हातातलं पीठ तसंच घेऊन भिंतीला टेकली. म्हणाली, आत्ती, मारू नका, मी परत गाणार न्हाय. सिद्राम मधे आला, त्याला ढकललं. म्हटलं, जा, माग बंद कर चारी. केले. कानातला चालूच राहिला, त्याला काय करणार.

मी तिच्या हातातलं पीठ काढून परातीत टाकलं आणि तोच हात तिच्या गळ्याला लावला. तिला वाटलं आवळती. डोळे मिटले तिनं. म्हटलं, म्हण. काय म्हणू, आत्ती? म्हटलं, आई म्हण, वरची, काळी पाच. आधी निघंना. मग निघाली. मला ऐकू बारीक आलं, पण तळहाताखाली सगळं कळत होतं. कुठं आवळलेलं न्हाय, कुठं ढकललेलं न्हाय. मी मंजुश्रीच्या टाळीनं मोजले, आळशी टाळीनं. सात झाले. बारा झाले. सोळा झाले. म्हटलं, बास. तिला वाटलं अजून म्हण म्हणतीय, डोळे मिटलेले होते. वीसपर्यंत गेली, हलकट.

हात काढला. गळ्यावर तिच्याच पिठाची बोटं उठली होती माझी.

मालुबाई दारात उभी. विचारलं, पुढच्या बुधवारी प्रॅक्टिसला काय करायचं, आक्का? म्हटलं, ही पुढं बसंल. मला खालची बाजू द्या. आणि टाळ नको, परत निसटंल.

मग माधवीनं विचारलं, आत्ती, जेवायला वाढू?

म्हटलं, वाढ. मालुबाईला पण वाढ.